इम्प्लांटचे स्कॅन अचूक कसे घ्यावे : कोकणात नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्या दंतवैद्यांसाठी

कोकणातील दंतवैद्याला इम्प्लांटचे, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाचे, बरेचसे काम ठरावीक दिवसांतच उरकावे लागते. चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला गावी येतात, आंबा बागायतदारांना हंगाम संपल्याशिवाय सवड मिळत नाही आणि मच्छीमार बांधव पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात दवाखान्याकडे वळतात. त्यातच कॅप आणि ब्रिज तयार करणारी लॅब बहुतेक वेळा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला असते. अशा परिस्थितीत स्कॅन चुकले आणि लॅबमधून आलेले काम तोंडात बसले नाही, तर रुग्णाला पुन्हा बोलावण्यात कित्येक महिने निघून जातात. म्हणूनच स्कॅन पहिल्याच बैठकीत बरोबर यावे आणि ते बरोबर आले आहे की नाही हे रुग्ण खुर्चीवरून उठण्याआधी आपल्याला कळावे, यासाठी येथे विशेष काळजी घ्यावी लागते.

ज्यांनी नुकताच इंट्राओरल स्कॅनर (तोंडात फिरवून दातांचे त्रिमितीय चित्र घेणारे यंत्र) घेतला आहे किंवा घेण्याच्या विचारात आहेत, अशा दंतवैद्यांसाठी हा लेख आहे. इम्प्लांट हाडात पक्का झाला आहे, हीलिंग ॲबटमेंटभोवतीची (इम्प्लांटवर तात्पुरत्या लावलेल्या टोपणाभोवतीची) हिरडी बरी झाली आहे आणि आता इम्प्लांटची जागा, खोली, कल आणि त्याच्या आतील षट्कोनाची दिशा लॅबला कळवायची आहे, असे येथे गृहीत धरले आहे. स्कॅनर विकणारे प्रतिनिधी हात कसा फिरवावा हे उत्तम शिकवतात. परंतु माझ्या मते इम्प्लांटच्या स्कॅनमधील मोठ्या चुका स्कॅनर हातात घेण्यापूर्वीच होऊन गेलेल्या असतात. त्यामुळे पुढील मजकुरात हाताच्या कौशल्यापेक्षा तयारीला अधिक जागा दिली आहे.

चूक कोठून येते आणि ती का चालत नाही

नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंचे लवचिक आवरण असते. त्यामुळे दाबाखाली दात साधारण शंभर मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हलू शकतो आणि कॅप किंचित कमीजास्त बसली तरी तो स्वतःला सावरून घेतो. इम्प्लांटला हे आवरण नसते. स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून हाडाने धातूला थेट धरून ठेवणे हाच या उपचाराचा पाया राहिला आहे आणि असा इम्प्लांट दाबाखाली जेमतेम काही मायक्रॉन हलतो. दोन किंवा अधिक इम्प्लांटवर जोडलेला ब्रिज मुळात नीट बसत नसताना स्क्रूने ओढून बसवला, तर तो ताण कोठेही जिरत नाही. पुढे स्क्रू सैल होतो, सिरॅमिकचा तुकडा उडतो किंवा स्क्रूच मोडतो, आणि मोडलेला स्क्रू इम्प्लांटमधून काढण्याचे काम ज्यांनी एकदा केले आहे त्यांना त्याचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही.

स्कॅनर संपूर्ण जबडा एका नजरेत पाहत नाही. त्याच्या टोकाच्या खिडकीतून एका वेळी एक-दोन दातांएवढाच भाग दिसतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक नव्या चित्राची आधीच्या चित्रांशी तुलना करून, जेथे आकार जुळतो तेथे ते जोडत जाते. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत दोरी न लावता रचत नेली, तर प्रत्येक चिऱ्यामागे केसभरच फरक पडतो, पण दुसऱ्या टोकाला तो डोळ्यांना दिसू लागतो. स्कॅनमध्येही जोडाजोडातील बारीक चुका अशाच साठत जातात. दाढेवर खाचा, उंचवटे आणि कडा असल्याने तेथे जोड पक्का होतो. गुळगुळीत, ओल्या आणि हलणाऱ्या हिरडीवर सॉफ्टवेअरला धरायला काहीच सापडत नाही. दोन दातांच्या मधील एका इम्प्लांटचे स्कॅन उत्तम येते आणि सगळे दात गेलेल्या जबड्याचे स्कॅन दगा देते, याचे कारण हेच आहे.

अचूकतेच्या दोन बाजू नव्या दंतवैद्याने सुरुवातीपासून वेगळ्या ओळखाव्यात. मिळालेले माप खऱ्या मापाच्या किती जवळ आहे ही एक बाजू आणि तेच स्कॅन पुन्हा पुन्हा घेतल्यावर माप किती सारखे येते ही दुसरी. मोजमापाविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ५७२५ याच दोन कसोट्या मानते. दुसरी कसोटी आपण आपल्या दवाखान्यात सहज लावू शकतो, परंतु पहिल्या कसोटीसाठी तुलनेला एखादे भरवशाचे माप लागते. दर वेळी तीच चूक करणारे स्कॅन दिसायला अगदी सुसंगत असते, म्हणून एवढ्यावर समाधान मानू नये.

पहिली पायरी : खोली, वीज आणि कॅलिब्रेशन

जून ते सप्टेंबर या काळात किनारपट्टीवरील हवेत इतका दमटपणा असतो की स्कॅनरच्या आरशावर धुके येणे ही रोजची बाब होते. वातानुकूलित खोलीत थंड झालेले टोक उष्ण आणि ओल्या तोंडात गेले की त्यावरील आरशावर बाष्प जमते. अडचण अशी की चित्र पूर्ण नाहीसे होत नाही, ते फक्त पुसट होते आणि सॉफ्टवेअर त्याच पुसट माहितीवर पृष्ठभाग रचत राहते. पडद्यावर दाताचा किंवा स्कॅनबॉडीचा (स्कॅनसाठी इम्प्लांटवर बसवायच्या खुणेच्या भागाचा) पृष्ठभाग वाळू शिंपडल्यासारखा खडबडीत दिसू लागला, तर आधी आरसा तपासावा. बहुतेक स्कॅनरमध्ये टोक गरम करण्याची सोय असते. ती चालू करून सूचनापत्रिकेत दिलेला वेळ थांबावे, नंतर टोक तोंडात नेऊन काही क्षण तसेच धरावे आणि पडद्यावरील थेट चित्र स्वच्छ राहते का ते पाहूनच स्कॅन सुरू करावे. ऑटोक्लेव्हमध्ये वारंवार गेलेल्या टोकाचा आरसा हळूहळू मंद होतो. त्यासाठी उत्पादकाने ठरवून दिलेली वापरमर्यादा असते आणि ती पाळलीच पाहिजे.

प्रकाशाचाही परिणाम होतो. स्कॅनर स्वतःचा प्रकाश टाकून परतलेल्या प्रकाशावरून आकार मोजतो. खुर्चीचा दिवा त्यावर पडला किंवा उघड्या खिडकीतून अंगणातले ऊन थेट तोंडात आले, तर मापात गोंधळ होतो. खुर्चीचा दिवा बंद करावा, खिडकीला जाड पडदा लावावा आणि खोलीतील दिवे मात्र सूचनापत्रिकेत सांगितल्याप्रमाणे ठेवावेत. पूर्ण अंधाराची गरज नसते.

विजेचा प्रश्न कोकणात वेगळा विचारात घ्यावा लागतो. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, म्हणून स्कॅनही चालू ठेवण्याचा मोह होतो. परंतु अनेक लॅपटॉप बॅटरीवर गेल्यावर ग्राफिक्स कार्डाचा वेग आपोआप कमी करतात. मग चित्रे जोडण्याचा वेग मंदावतो, स्कॅनरची पकड वारंवार सुटते आणि प्रत्येक वेळी जागा शोधून पुन्हा जोडताना चुकीला वाव मिळतो. स्कॅनर आणि लॅपटॉप दोन्ही चांगल्या यूपीएसवर ठेवावेत आणि वीज स्कॅनच्या मध्येच गेली तर नोंदवलेला भाग जपून ठेवून वीज परत आल्यावरच पुढे जावे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरल्यापासून तळमजल्यावरील दवाखान्यात अशी यंत्रे कोठे ठेवावीत याचाही विचार आधीच करणे शहाणपणाचे ठरते. भिंतीला टेकवलेल्या खालच्या कपाटात ती मुळीच ठेवू नयेत.

आपल्यापैकी अनेक जण आठवड्यातून काही दिवस कुडाळला आणि काही दिवस सावंतवाडीला, किंवा रत्नागिरी आणि लांजा अशा दोन ठिकाणी काम करतात आणि स्कॅनर गाडीतून सोबत नेतात. महामार्गावरचे खड्डे आणि घाटातील हिसके बसल्यानंतर स्कॅनर न तपासता वापरणे योग्य नाही. कॅलिब्रेशन (यंत्राचे माप तपासून जुळवून घेणे) ठरलेल्या मुदतीला तर करावेच, पण प्रवासानंतर, यंत्राला धक्का बसल्यावर आणि खोलीच्या तापमानात मोठा फरक पडल्यावरही करावे. गाडीतून आणलेले यंत्र आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि नंतरच कॅलिब्रेशन करावे, अन्यथा कॅलिब्रेशनच चुकीच्या स्थितीत नोंदले जाते. यंत्राच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. त्या दमट हवेत लवकर निकामी होतात, म्हणून वेळोवेळी बदलाव्यात.

दुसरी पायरी : तोंडाची तयारी

सुपारी, तंबाखू आणि मशेरी यांचे प्रमाण आपल्याकडे मोठे आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी अनेक वर्षे सुपारी चघळल्यामुळे गालाच्या आतील त्वचा ताठ होऊन तोंड कमी उघडणारे रुग्ण नियमित भेटतात. अशा रुग्णाच्या मागच्या दाढेच्या जागी स्कॅनबॉडी, तिचा स्क्रूड्रायव्हर आणि त्यावर स्कॅनरचे टोक एवढे सगळे मावेल का, याचा अंदाज स्कॅनच्या दिवशी घेण्यात अर्थ नसतो. तो इम्प्लांट बसवण्याचे नियोजन करतानाच घ्यावा. पट्टीने तोंडाची उघड मोजावी, बारीक टोक आणि आखूड स्कॅनबॉडी मिळते का ते पाहावे आणि तरीही जागा पुरत नसेल तर त्या रुग्णाला स्कॅनचा आग्रह धरू नये.

स्कॅनच्या आधी शेजारच्या आणि समोरच्या दातांवरील कीटण काढून घ्यावे. मात्र स्केलिंग त्याच दिवशी केले तर हिरडीतून रक्त येत राहते, म्हणून ते आधीच्या भेटीत उरकावे. लाळ हा स्कॅनचा खरा शत्रू आहे. दाताच्या खाचेत साचलेला थेंब प्रकाश वाकवतो आणि तेथे नसलेला सपाट पृष्ठभाग तयार होतो. सक्शन, कापसाचे बोळे आणि हवेची फुंकर यांचा वापर सतत चालू ठेवावा. मदतनीस व्यक्तीला याचे वेगळे प्रशिक्षण द्यावे, कारण एकट्या दंतवैद्याला हे जमत नाही. रुग्णालाही या कामात सामील करून घ्यावे. ‘आजी, आता जीभ मागे ओढून ठेवा आणि मी सांगेपर्यंत सोडू नका, मध्येच गिळावेसे वाटले तर हात वर करा,’ एवढे आधी शांतपणे सांगितले की खालच्या जबड्याचे स्कॅन निम्मे सोपे होते.

तिसरी पायरी : स्कॅनबॉडी बसवणे

सगळ्यात अधिक वेळ याच पायरीला द्यावा. स्कॅनर इम्प्लांट पाहत नाही, कारण तो हिरडीखाली असतो. स्कॅनर पाहतो ती इम्प्लांटवर बसवलेली स्कॅनबॉडी, आणि तिच्या ओळखीच्या आकारावरून सॉफ्टवेअर खालच्या इम्प्लांटची जागा गणिताने काढते. त्यामुळे स्कॅनबॉडी अर्धा मिलिमीटर वर राहिली, तर उरलेले स्कॅन कितीही सुंदर असले तरी लॅबमध्ये इम्प्लांटही अर्धा मिलिमीटर वर सरकतो.

पहिली गोष्ट म्हणजे स्कॅनबॉडी त्या इम्प्लांटच्या कंपनीची, त्याच जोडणीची आणि त्याच रुंदीची असावी, आणि लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमक्या त्याच स्कॅनबॉडीची लायब्ररी (तिच्या आकाराची संगणकीय नोंद) असावी. स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या बनावटीची स्कॅनबॉडी वापरली आणि लॅबने मूळ कंपनीची लायब्ररी निवडली, तर दोन्हींच्या आकारातील फरक थेट कामात उतरतो. इम्प्लांट खोल असेल तर उंच स्कॅनबॉडी घ्यावी. तिचा ओळखीचा वरचा भाग संपूर्णपणे हिरडीच्या वर दिसला पाहिजे.

हीलिंग ॲबटमेंट काढल्यावर इम्प्लांटचे तोंड पाण्याने धुऊन हवेने कोरडे करावे आणि आत रक्ताची गुठळी किंवा हिरडीचा कण नाही हे भिंगातून पाहावे. स्कॅनबॉडी हाताने हलकेच ठेवावी आणि किंचित दाबत गोल फिरवावी. षट्कोन जुळला की ती खाली उतरल्याचे बोटाला स्पष्ट जाणवते आणि त्यानंतर ती फिरत नाही. हा ‘बसल्याचा’ स्पर्श मिळण्याआधी स्क्रू आवळू नये, कारण स्क्रू अर्धवट बसलेल्या स्कॅनबॉडीलाही घट्ट धरतो आणि मग ती बसली असल्याचा भास होतो. हिरडी जाड असेल किंवा इम्प्लांटच्या कडेवर हाड वाढले असेल, तर स्कॅनबॉडी तेथे अडकते. हिरडी दाबाने पांढरी पडली तर काही मिनिटे थांबून ती सैल होऊ द्यावी आणि पुन्हा तपासावे.

नंतर आरव्हीजीवर (दातांच्या डिजिटल क्ष-किरण यंत्रावर) क्ष-किरण चित्र घ्यावे. होल्डर वापरून किरण इम्प्लांटला काटकोनात गेले पाहिजेत. इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंनी टोकदार आणि वेगवेगळे दिसत असतील तर कोन बरोबर आहे. आटे एकमेकांवर चढून पुसट दिसत असतील तर त्या चित्रावरून फट आहे की नाही हे ठरवू नये. येथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. अनेक स्कॅनबॉडी पीक नावाच्या प्लास्टिकच्या असतात आणि पीक क्ष-किरणांना जवळजवळ दिसतच नाही. पूर्ण पीकच्या स्कॅनबॉडीखाली फट आहे की नाही हे चित्रावरून कळणे कठीण असते. म्हणून इम्प्लांटमध्ये बसणारा भाग टायटॅनियमचा असलेली स्कॅनबॉडी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. किमतीतील फरक एका फेरकामाच्या खर्चापुढे फार मोठा नसतो.

आवळण्याच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगले हा समज सोडावा. कंपनीने दिलेला टॉर्कच (स्क्रू आवळण्याचा जोर) वापरावा. बहुतेक स्कॅनबॉडींसाठी तो हाताने आवळण्याइतका, म्हणजे साधारण ५ ते १० न्यूटन सेंटिमीटर असतो. त्याहून अधिक जोर लावला तर पीक दबते आणि स्कॅनबॉडी खोल उतरते. वारंवार ऑटोक्लेव्ह केल्याने आणि आवळल्याने तिची बैठक झिजते, म्हणून प्रत्येक स्कॅनबॉडी किती वेळा वापरली याची नोंद ठेवावी आणि ठरलेल्या मर्यादेनंतर ती बाजूला काढावी.

स्कॅनबॉडीला एक सपाट बाजू असते आणि षट्कोनाची दिशा तिच्यावरूनच ओळखली जाते. ती कोणत्या दिशेला ठेवावी हे कंपनी सांगते. तशी सूचना नसेल तर ती स्कॅनरला सहज दिसेल अशी, म्हणजे गालाकडे किंवा जिभेकडे ठेवावी. शेजारच्या दाताच्या किंवा दुसऱ्या स्कॅनबॉडीच्या अरुंद फटीत ती लपवू नये.

चौथी पायरी : स्कॅनचा क्रम

समोरच्या जबड्याचे स्कॅन आधी घ्यावे, कारण त्याला घाई नसते आणि रुग्णालाही सवय होते. मग इम्प्लांटच्या जबड्याचे स्कॅन हीलिंग ॲबटमेंट ठेवूनच घ्यावे. त्यानंतर ॲबटमेंट काढून हिरडीचा आतील आकार ताबडतोब टिपावा. आधार गेल्यावर हिरडी काही मिनिटांतच आत कोसळू लागते, त्यामुळे ड्रायव्हर, स्कॅनबॉडी आणि सक्शन सर्व काही आधीच मांडून ठेवलेले असावे. हिरडीचा आकार मिळाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये इम्प्लांटच्या जागेपुरता भाग कापावा, स्कॅनबॉडी बसवावी आणि तेवढाच भाग पुन्हा स्कॅन करावा. कापलेला भाग जितका मोठा, तितकी पुन्हा जोडताना चूक होण्याची शक्यता अधिक; म्हणून शेजारच्या दातांच्या चावण्याच्या पृष्ठभागांना शक्यतो हात लावू नये.

चाव्याचे स्कॅन घेताना स्कॅनबॉडी समोरच्या दाताला लागत असेल तर ती काढून हीलिंग ॲबटमेंट परत बसवावे.

पाचवी पायरी : हात कसा फिरवावा

प्रत्येक कंपनीचा मार्ग थोडा वेगळा असतो आणि आपल्या यंत्राचाच मार्ग पाळावा, कारण त्याचे सॉफ्टवेअर त्यानुसार बसवलेले असते. साधारणपणे मागच्या दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरून सुरुवात करून पुढे यावे, परतताना जिभेकडची किंवा टाळूकडची बाजू घ्यावी आणि शेवटी गालाकडची. पुढच्या दातांजवळ विशेष सावध राहावे. तेथे दातांची धार पातळ असल्याने पुढची आणि मागची बाजू चुकीची जोडली जाण्याचा संभव असतो. तेथे हात सरळ न ओढता दाताच्या पुढून मागे आणि मागून पुढे असा हलकेच डोलवत न्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारी धार प्रत्येक चित्रात राहते.

वेग मंद आणि एकसारखा असावा, अंतरही तेवढेच राहावे. पकड सुटली तर घाबरून टोक इकडेतिकडे फिरवू नये. ज्या दाढेच्या खाचा आधीच नोंदल्या आहेत तेथे परत जावे आणि जोड लागल्यावर पुढे जावे. एकाच जागेवरून दहा वेळा फिरल्याने स्कॅन सुधारत नाही, उलट प्रत्येक जादा चित्राबरोबर थोडी अनिश्चितता वाढते. गाल, जीभ किंवा ओठ स्कॅनमध्ये आला असेल तर तो लगेच कापून टाकावा.

हा हात रुग्णावर शिकायचा नसतो. प्लास्टरच्या मॉडेलवर दोन लॅब ॲनालॉग (इम्प्लांटच्या प्रतिकृती) बसवून त्यांवर स्कॅनबॉडी लावाव्यात आणि तेच मॉडेल वेगवेगळ्या दिवशी स्कॅन करावे. स्कॅनबॉडींच्या बाहेरच्या कडांमधील अंतर डिजिटल व्हर्नियर कॅलिपरने मोजून सॉफ्टवेअरमधील अंतराशी ताडून पाहावे. कॅलिपर काही मायक्रॉनचा निवाडा देऊ शकत नाही, परंतु मोठी चूक त्याच्यापासून लपत नाही, आणि वर सांगितलेल्या दोन्ही कसोट्या अशा रीतीने दवाखान्यातच लावता येतात.

सगळे दात गेलेला जबडा

येथे माझे मत स्पष्ट आहे. नव्या दंतवैद्याने पहिली काही कामे एका इम्प्लांटची आणि शेजारशेजारच्या दोन-तीन इम्प्लांटच्या लहान ब्रिजची घ्यावीत. त्यांत स्कॅनचे निकाल ट्रेमध्ये मसाला भरून घेतलेल्या पारंपरिक मापाच्या तोडीचे येतात. चार ते सहा इम्प्लांटवरचा पूर्ण जबड्याचा ब्रिज असेल, तर इम्प्रेशन कोपिंग (माप घेण्यासाठी इम्प्लांटवर लावलेले भाग) पॅटर्न रेझिनने एकमेकांना जोडून ओपन ट्रेने (वरून उघड्या ट्रेने) घेतलेले पारंपरिक माप आजही भरवशाचे आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

तरीही स्कॅनच घ्यायचे असेल, तर सॉफ्टवेअरला धरण्यासाठी खुणा निर्माण कराव्या लागतात. घट्ट, न हलणाऱ्या हिरडीवर फ्लोएबल कॉम्पोझिटचे लहान ठिपके लावणे, स्कॅनबॉडींच्या दरम्यान फ्लॉस आणि रेझिनचा सेतू बांधणे किंवा आतल्या बाजूस आडवा हात असलेल्या विशेष स्कॅनबॉडी वापरणे हे त्याचे मार्ग आहेत. फोटोग्रामेट्री हे निराळे तंत्र असून त्यात बाहेरचा कॅमेरा विशिष्ट खुणा असलेल्या दांड्यांवरून सर्व इम्प्लांटची परस्पर स्थिती एकत्र मोजतो, त्यामुळे जोडाजोडाची चूक साठत नाही. पण त्यात हिरडी येत नाही, म्हणून ते इंट्राओरल स्कॅनशी जुळवावे लागते, आणि यंत्र महाग असल्याने ते बहुधा मोठ्या शहरातील केंद्रांकडेच आढळते.

कोणताही मार्ग घेतला तरी पूर्ण जबड्यासाठी व्हेरिफिकेशन जिग (इम्प्लांटची परस्पर स्थिती पडताळणारा जोड) टाळू नये. टायटॅनियमचे सिलिंडर रेझिनने जोडून, तुकडे कापून आणि तोंडात पुन्हा जोडून घेतलेला जिग लॅबच्या मॉडेलशी जुळला, तरच अंतिम सांगाडा घडवावा. कापून पुन्हा जोडण्याचे कारण एवढेच की रेझिन घट्ट होताना आक्रसते आणि तुकडा लहान असला की ते आक्रसणेही लहान राहते.

सहावी पायरी : रुग्ण खुर्चीत असतानाच तपासणी

स्कॅन संपल्यावर रंग बंद करून केवळ करड्या पृष्ठभागाचे चित्र मोठे करून पाहावे, कारण रंग दोष झाकतात. स्कॅनबॉडीची सपाट बाजू खरोखर सपाट आहे का, तिच्या कडा धारदार आहेत का, वरच्या भागाला छिद्र आहे का, एकाच दाताची दुहेरी कड दिसते का, हे पाहावे. सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररीची स्कॅनबॉडी बसवून पाहण्याची सोय असेल तर ती तेथेच बसवावी. स्कॅन केलेल्या पृष्ठभागातून लायब्ररीचा आकार एका बाजूने बाहेर डोकावत असेल, तर स्कॅन पुन्हा घ्यावे. चाव्याच्या स्कॅनमध्ये दिसणारे दातांचे स्पर्शबिंदू तोंडात आर्टिक्युलेटिंग पेपरने घेतलेल्या खुणांशी ताडावेत.

लॅबला काय पाठवावे

स्कॅनच्या एसटीएल फाइलमध्ये रंग नसतो आणि मापाचे एककही नसते. पीएलवाय फाइलमध्ये रंग येतो, त्यामुळे हिरडीची कड ओळखणे सोपे जाते. जमल्यास दोन्ही पाठवाव्यात आणि स्कॅनरची मूळ फाइल आपल्याकडे जपून ठेवावी. सोबत इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास आणि जोडणीचा प्रकार, स्कॅनबॉडीचा कॅटलॉग क्रमांक आणि क्ष-किरण चित्र द्यावे. ‘तीच नेहमीची स्कॅनबॉडी’ असे फोनवर सांगून काम भागवू नये. इंटरनेट मंद असलेल्या गावातून फाइल पाठवताना ती पूर्ण पोहोचली का याची लॅबकडून लेखी खात्री घ्यावी आणि तोपर्यंत रुग्णाला दुसऱ्या दिवसाची वेळ राखून ठेवण्यास सांगावे.

काम तोंडात बसवताना

एका इम्प्लांटच्या कॅपला शेजारच्या दातांशी असलेला स्पर्श फ्लॉसने आधी तपासावा, कारण तो घट्ट असेल तर कॅप खाली उतरत नाही आणि दोष उगाच स्कॅनवर येतो. ब्रिजसाठी एका टोकाचा एकच स्क्रू आवळून दुसऱ्या टोकाची कड पाहावी. तेथे ब्रिज उचलला गेला किंवा क्ष-किरण चित्रात फट दिसली, तर तो ओढून बसवू नये. उरलेले स्क्रू एकेक करून लावताना सुरुवातीचे फेरे सहज फिरले पाहिजेत आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्यातच प्रतिकार जाणवला पाहिजे. तसे झाले नाही तर ब्रिज कापून, तोंडातच रेझिनने जोडून, लॅबला परत पाठवणे हाच योग्य उपाय आहे.

सर्व बरोबर असेल तर कंपनीने दिलेला अंतिम टॉर्क द्यावा, दहा मिनिटांनी तोच टॉर्क पुन्हा द्यावा, स्क्रूच्या डोक्यावर टेफ्लॉन टेप भरून वर कॉम्पोझिटने छिद्र बंद करावे आणि इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, क्रमांक व दिलेला टॉर्क यांची नोंद रुग्णाच्या हातातील कार्डावर लिहून द्यावी.